भरती-ओहोटीच्या वेळांशेजारी सूर्याचीही एक चौकट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र मोठं झालंय हे मला माहीत आहे, जागा कमी पडली तर कापा, पण त्यातला आमच्या अलिबागच्या वेधशाळेचा भाग आणि शेवटची मागणी एवढं तरी ठेवा.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्याच पानावर बातमी होती की सूर्यावर महास्फोट झालाय, त्याचं वादळ पृथ्वीवर धडकणार आणि मोबाइल, इंटरनेट, वीज सगळं ठप्प व्हायची भीती आहे. सकाळी साडेसातला शेजारच्या काकू पेपर हातात घेऊनच आमच्या पडवीत आल्या. त्यांचा मुलगा मस्कतला असतो, रात्री त्याच्याशी व्हिडिओ कॉल लागेल की नाही एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं लागेल काकू, निर्धास्त राहा, आणि लागलाही. पण त्या गेल्यावर मी ती बातमी परत दोनदा वाचली तर स्फोट किती वाजता झाला, किती मोठा होता, त्याच्याबरोबर काही बाहेर फेकलं गेलं का, आणि गेलं तर ते आपल्या दिशेनेच येतंय का, यातलं एक अक्षर नाही. पुढचे दोन दिवस पेपर चाळला, ते वादळ आलं का गेलं याचीही एक ओळ नाही. वादळाची बातमी द्यायची आणि ते आलं की नाही ते सांगायचंच नाही, असं पावसाच्या बाबतीत आपण कधी करतो का?

मी हे तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. मी वीसेक वर्षं हॅम रेडिओ, म्हणजे छंद म्हणून घरून दूरच्या लोकांशी बोलायचा रेडिओ, चालवते, रीतसर लायसन्स आहे, वाडीत दोन नारळांच्या मध्ये वीस मीटरची तांब्याची तार ताणलीय तीच माझी अँटेना. आम्हा हॅम लोकांना सकाळी उठल्यावर चहाच्या आधी सूर्य कसा आहे ते बघायची सवय असते, म्हणजे रात्रीतून ज्वाला किती झाल्या, के इंडेक्स, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललंय त्याचा आकडा, किती आहे, सूर्यावर डाग किती आहेत. कारण आमचे सिग्नल वरच्या आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या विजेने भारलेल्या थरावर, आपटून परत खाली येतात, आणि ते आयनांबर कसं वागणार हे सूर्य ठरवतो. कोळी जसा घरातून निघायच्या आधी वारा बघतो तसंच हे.

आता १० मे २०२४ चं सांगते. त्या दिवशी अक्षय तृतीया होती. घरात आमरसाची गडबड, मी अर्धा तास चोरून रेडिओच्या खोलीत बसले होते, ४० मीटर बँडवर, म्हणजे लघुलहरींच्या एका पट्ट्यावर, कोल्हापूरच्या एका हॅम काकांशी गप्पा चालल्या होत्या, ते त्यांच्या नातवाचं कौतुक सांगत होते. सव्वाबाराच्या सुमारास त्यांचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं त्यांच्याकडे लाइट गेली. मी हाका मारतेय, उत्तर नाही. मग लक्षात आलं की नुसता त्यांचाच आवाज गेलेला नाही, बँडवर कायम जी खरखर असते ना, ती पण गेलीय. रेडिओतून फक्त त्याची स्वतःची बारीक सूं ऐकू येतेय, खोल विहिरीत कान लावल्यासारखं. उन्हात अंगणात जाऊन तार बघितली, जागेवर. केबलचं कनेक्टर काढून पुसून परत लावलं. मीटर बघितला, सगळं ठीक. शेवटी मोबाइलवर अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या उपग्रहाचा एक्स-रेचा आलेख उघडला तर रेघ सरळ वर चढलेली, एक्स ३.९ दर्जाची ज्वाला, आणि तिचं टोक आपल्या घड्याळाने बरोबर १२ वाजून २४ मिनिटांनी. म्हणजे १५ कोटी किलोमीटरवर काहीतरी पेटलं आणि सव्वाआठ मिनिटांत त्याने माझा आणि कोल्हापूरकर काकांचा संवाद तोडला. तासाभराने बँड हळूहळू परत उघडला. काका पहिलं वाक्य काय बोलले तर, अहो मी अँटेना बघायला गच्चीवर चढून आलो.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगितलं कारण यातच खरी गोम आहे. आपण पेपरात सरसकट सौर वादळ म्हणतो, पण त्या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि तिन्हींच्या वेळा वेगळ्या, परिणाम वेगळे, आणि तिन्हींचा अंदाजही वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

पहिली ती ज्वाला. म्हणजे सूर्यावरच्या डागांपाशी चुंबकीय रेषांचा पीळ सुटतो आणि एक्स-रे, अतिनील असा उजेड बाहेर पडतो. तो उजेडच आहे, म्हणून तो प्रकाशाच्याच वेगाने येतो. ज्या क्षणी आपल्याला ज्वाला दिसली त्या क्षणी ती आपल्यापर्यंत पोचलेलीच असते, त्यामुळे ज्वाला येणार आहे अशी बातमीच होऊ शकत नाही. फक्त आज अशी ज्वाला व्हायची शक्यता इतके टक्के एवढंच आधी सांगता येतं. आणि तिचा त्रास पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस आहे त्याच बाजूला. दुसरी गोष्ट म्हणजे जोरात सुटलेले कण, प्रोटॉन वगैरे, ते काही मिनिटांत ते काही तासांत येतात, त्यांचा जास्त संबंध उपग्रह, अंतराळवीर आणि ध्रुवावरून जाणारी विमानं यांच्याशी. आणि तिसरी, जिला खरं वादळ म्हणायला पाहिजे ती, म्हणजे सूर्याच्या किरीटातून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या वातावरणातून, फेकला गेलेला कोट्यवधी टनांचा तापलेला, विजेने भारलेला वायूचा ढग, आपल्याबरोबर स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन निघालेला. शास्त्रज्ञ त्याला सीएमई म्हणतात. हा एक ते तीन दिवसांनी पोचतो, फारच वेगवान असेल तर पंधरा-सोळा तासांत, आणि तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धक्का देतो ते भूचुंबकीय वादळ.

आता मोठी ज्वाला म्हणजे मोठं वादळ हे समीकरण किती चुकतं बघा. ज्वालांचे दर्जे ए, बी, सी, एम, एक्स असे असतात, प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. त्याच मे महिन्यात १४ तारखेला त्याच डागांमधून एक्स ८.७ ची ज्वाला झाली, अक्षय तृतीयेच्या ज्वालेच्या दुपटीहून मोठी. पण तोवर तो डागांचा पुंजका सूर्याच्या पश्चिम कडेला पोचलेला, त्याने फेकलेला माल भलतीकडे गेला, आणि आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले, त्यामुळे रेडिओलाही काही झालं नाही. आकडा सगळ्यात मोठा आणि आपल्याला त्रास शून्य. उलट १० मेच्या रात्री जे वादळ आलं ते ८ आणि ९ तारखेच्या त्यापेक्षा लहान ज्वालांबरोबर निघालेल्या ढगांनी आलं, एकामागोमाग किमान पाच ढग, पुढच्याला मागचा गाठतोय असे. रात्री साडेदहानंतर पहिला धक्का लागला आणि पहाटेपर्यंत वादळ जी ५ म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर गेलं, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. लडाखात हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशात लाल प्रकाश टिपला, तो ध्रुवीय प्रकाश होता, भारतात. अमेरिकेत पेरणीचे दिवस होते, जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटायला लागले म्हणून शेतकऱ्यांनी पेरणी थांबवली. आणि हे सगळं होणार याचा जी ४ चा इशारा ९ तारखेलाच निघालेला होता, तसा इशारा २००५ नंतर प्रथमच दिला गेला होता. म्हणजे अंदाज होता. आपल्याकडच्या वाचकापर्यंत तो आला नाही एवढंच.

मग लोक विचारतात की तीन दिवस आधी ढग दिसतो तर नक्की काय होणार ते आत्ताच का सांगत नाहीत? याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा थांबून सांगते. ढग निघाला हे दिसतं, साधारण कधी पोचेल हे काढता येतं, त्यातही दहा-बारा तास इकडेतिकडे होतातच. पण त्याच्या आतलं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे लांबून कळत नाही. ते उत्तरेकडे असेल तर आपलं क्षेत्र त्याला बऱ्यापैकी दाराबाहेरच ठेवतं. दक्षिणेकडे असेल तर दोन्ही एकमेकांत गुंततात, दार उघडल्यासारखं होतं आणि सगळी ऊर्जा आत. एकाच आकाराचा, एकाच वेगाचा ढग, पण एका वेळी नुसतीच झुळूक आणि दुसऱ्या वेळी तुफान. आणि ही दिशा कळते ती ढग एल १ या जागेवरच्या यानांना घासून जातो तेव्हा. ती जागा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला आहे. गणित अगदी सोपं आहे, ढग सेकंदाला ८०० किलोमीटरने येत असेल तर तिथून इथे यायला अर्धा तास, ४०० ने येत असेल तर तासाभर. एवढाच खात्रीचा वेळ हातात. त्याच्या आधीचं सगळं शक्यतेच्या भाषेत.

तिथे आपलंही यान आहे हे विसरू नका. आदित्य एल १, २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून सुटलं, ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलं. त्यावर सात उपकरणं आहेत, त्यातली सूर्याचे अतिनील फोटो काढणारी सूट नावाची दुर्बीण आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने तयार केली. यानावर चुंबकमापक आहे, कण मोजणारी उपकरणं आहेत. उड्डाणाच्या दिवशी आपण सगळ्यांनी पानंच्या पानं छापली, वाचली, शाळांमध्ये टीव्ही लावले. यान आता रोज काम करतंय, आणि ते काय बघतंय हे मात्र वाचकाला रोज कळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आमच्या वेधशाळेबद्दल. अलिबागला येणारे पर्यटक बीचवर जातात, ओहोटी असली की कुलाबा किल्ल्यात चालत जातात, भजी खाऊन परत. समुद्राजवळच झाडीत एक जुनी चुंबकीय वेधशाळा आहे तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ती १९०४ पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतेय. तिच्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चालायचं. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम यायचं ठरलं, आणि विजेच्या ट्राम धावायला लागल्या की मोजमाप बिघडणार हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी काय केलं तर शांत जागा शोधली, ती खाडीपलीकडे अलिबागला सापडली, लोखंडाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत बांधली, आणि मग १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. का? तर कुलाब्याचे जुने आकडे आणि अलिबागचे नवे आकडे एकमेकांना बिनचूक जोडता यावेत म्हणून. १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम आली तेव्हा हे सगळं करून झालेलं होतं. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं, कारण शंभर वर्षांनी कोणाला तरी हे आकडे लागतील म्हणून दोन वर्षं दुप्पट काम करणारी ती माणसं होती.

आणि लागले हो ते आकडे. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे गृहस्थ दुर्बिणीतून पडद्यावर सूर्याचे डाग काढत बसले होते, त्यांना डागांवर अचानक दोन ठिकाणी लख्ख पांढरा उजेड दिसला, पाचेक मिनिटांत विझला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर आजवर मोजलेल्या वादळांतलं सगळ्यात भारी म्हणता येईल असं वादळ आलं. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, क्यूबापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रिनिचच्या वेधशाळांची नोंद कागदाबाहेर गेली. पण मुंबईत कुलाब्याला माणूस डोळ्याने वाचन घेऊन वहीत आकडा लिहीत होता. एरवी तासाला एक नोंद, पण त्या दिवशी सुई अशी हलायला लागल्यावर त्यांनी दर काही मिनिटांनी नोंदी घेतल्या, दुपार व्हायच्या आत आडवं क्षेत्र, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग, सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप) खाली आलं तेही वहीत उतरलं. आपल्या इथलं नेहमीचं आडवं क्षेत्र ३८ हजारांच्या आसपास आहे आणि मे २०२४ च्या एवढ्या गाजलेल्या वादळात जगाची सरासरी घट ४०० च्या थोडी वर होती, यावरून १६०० म्हणजे काय याची कल्पना यावी. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या, म्हणजे आता जिचं ऑफिस नव्या पनवेलला आहे त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर २००३ साली त्या जुन्या नोंदी काढून अभ्यास छापला, आणि आज जगात कुठेही कॅरिंग्टन वादळ किती मोठं होतं असं विचारलं की मुंबईच्या वहीतला आकडा सांगावा लागतो.

तीच वही आज अलिबागला पुढे चालू आहे. आता आकडे मशीन घेतं, पण खात्रीचं वाचन घ्यायला माणूस आत जातो तेव्हा खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, कमरेचा पट्टा बाहेर ठेवून जातो, कारण एवढ्याशा लोखंडानेही आकडा हलतो. गावात रस्ते रुंद होतायत, बिल्डिंगा उठतायत, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग असते, या सगळ्याचा त्रास अशा जागेला होतोच. मूस साहेबांनी मुंबईच्या गोंगाटातून जे वाचवून इथे आणलं त्याच्या आजूबाजूची शांतता राखायची जबाबदारी आम्हा अलिबागकरांची आहे, पण ती आहे हे लोकांना माहीतच नाही तर राखणार कशी?

कोणी म्हणेल की आपल्याला काय त्याचं, हे सगळं कॅनडा-नॉर्वेचं दुखणं. अर्धं खरं आहे. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात कोसळली, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. तसं महाराष्ट्रात व्हायची शक्यता फार कमी, कारण आपण विषुववृत्ताजवळ आहोत, ध्रुवाकडच्यासारखे प्रचंड प्रवाह आपल्या जमिनीतून वाहत नाहीत. हे पण छापलं पाहिजे, उगाच घाबरवायचं कशाला. पण आपलं दुखणं वेगळं आहे. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि तिथून वर उचललं गेलेलं आयनांबर दोन्ही बाजूंना जाऊन साचतं, त्यातली उत्तरेकडची दाट पट्टी आपल्या डोक्यावर, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशाच्या आसपास असते. दिवस मावळला की त्यात बुडबुडे उठतात आणि त्यातून येणारे उपग्रहांचे सिग्नल लुकलुकायला लागतात, तारे लुकलुकतात तसे. माझा भाचा जमीन मोजणीचं काम करतो, एका रस्त्याच्या कामाला मार्च महिन्यात उरलेले चार पॉइंट संपवून टाकू म्हणून अंधार पडल्यावरही थांबला, तर रोव्हरच्या, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर फिक्स म्हणजे पक्की जागा काही येईना, सारखं फ्लोट, फ्लोट, म्हणजे जागा अजून कच्चीच. बॅटरी बदलली, बेस परत लावला, कंपनीच्या माणसाला फोन करून भांडला. दीड तास असा गेला. मग मला फोन केला, मावशी तुझ्या त्या सूर्याचं काही आहे का बघ. मी म्हटलं अरे, विषुवदिनाचे दिवस, सूर्य जोरात आहे आणि वाजलेत साडेआठ, घरी जा आणि सकाळी ये. सकाळी दहा मिनिटांत चारही पॉइंट झाले. हे चुंबकीय वादळ नव्हतं, रोजचं होतं, पण ज्याने रोज आयनांबराकडे बघितलं त्याला ते आधी सांगता आलं असतं. आज शेतात ड्रोनने फवारणी होते, मच्छीमारांच्या होड्यांवर जीपीएस आहे, अरबी समुद्रावरून जाणारी विमानं अजूनही लघुलहरींवर मुंबई रेडिओशी बोलतात. यांच्या कामाची बातमी आहे ही. आणि वादळ लहान असलं तरी चालतं, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने ४९ उपग्रह सोडले, साधंसंच वादळ आलं, वरची हवा तापून फुगली, खालच्या कक्षेत घर्षण वाढलं आणि ४० च्या आसपास उपग्रह गमावले.

अंदाज चुकतात हे मलाही माहीत आहे. आत्ताचं सौरचक्र, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढायची-घटायची फेरी, सुरू झालं तेव्हा तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं होतं की डागांचा सरासरी आकडा ११५ पर्यंत जाईल, तो गेला १६० पर्यंत. पण आमच्या रायगडात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हाही ते नक्की कुठल्या गावात घुसणार हे शेवटपर्यंत थोडं पुढेमागे होत होतं, म्हणून बंदरावर बावटा चढवायचा थांबवला का? बावटा होता म्हणून होड्या वर ओढल्या गेल्या, लोक शाळांमध्ये हलवले गेले. कितवा बावटा लागलाय हे आमच्याकडे शाळेतलं पोर पण सांगतं. जी १ ते जी ५ हे सूर्याचे बावटेच आहेत, नुसते मराठीत रोज दिसले पाहिजेत, मग लोकांना आपोआप कळेल की जी १ ला काही करायचं नसतं आणि जी ५ फार क्वचित येतो. रोजची सवय नाही म्हणून तर ते व्हॉट्सॲपचं जुनं फॉरवर्ड दर वर्षी फिरतं, आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण येणार, फोन लांब ठेवा, नासाने सांगितलंय. आमच्या काकूंनी ते वाचून दोन रात्री फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवला होता. त्यांच्याकडे पडताळून बघायला काहीच नव्हतं, त्यांनी करायचं काय?

म्हणून मागणी अशी. आपण रोज हवामान छापता, सूर्योदय-सूर्यास्त छापता, मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापता. त्याच्या शेजारी चार-पाच ओळींची सूर्याची चौकट द्या. काल सगळ्यात मोठी ज्वाला कुठल्या दर्जाची आणि किती वाजता, कुठला ढग आपल्याकडे निघालाय का, आज-उद्या वादळाची शक्यता असेल तर कितवी पायरी, कालचा के इंडेक्स जास्तीत जास्त किती होता, आणि महाराष्ट्रात कोणाला काळजी घ्यावी लागेल. वेळा मात्र आपल्या घड्याळाच्या द्या, कारण परदेशी संस्था ग्रिनिचच्या वेळेने लिहितात आणि साडेपाच तास मिळवायचे राहून गेले की येऊन गेलेलं वादळ आज रात्री येणार म्हणून छापलं जातं, मी हे एका चॅनेलवर डोळ्याने बघितलंय. ही माहिती रोज फुकट मिळते, कोणाची परवानगी लागत नाही. आणि जमलं तर अलिबागच्या वेधशाळेचा आलेख मागवून आठवड्यातून एकदा रविवारी छापा, रेघ सरळ असेल तरी छापा. शांत दिवसाची रेघ कशी दिसते हे माहीत असलं तरच वादळाची ओळखू येते.

१० मे २०२४ च्या सकाळी अशी चौकट असती तर ती कशी दिसली असती ते मी माझ्या रेडिओच्या डायरीवरून लिहून काढलंय:

काल दुपारी २.४३ ला एक्स २.२ दर्जाची ज्वाला. मोठा डागसमूह अजून पृथ्वीसमोर, आज दिवसा अशीच ज्वाला होऊन लघुलहरी रेडिओ तासभर बंद पडायची शक्यता. ८ तारखेपासून निघालेले किमान पाच ढग पृथ्वीच्या दिशेने. आज रात्रीपासून उद्यापर्यंत वादळाचा इशारा, पायरी चौथी. ड्रोन, जमीन मोजणी आणि जीपीएसवरच्या कामात चूक येऊ शकते, महत्त्वाचं काम शक्यतो पुढे ढकला. मोबाइल आणि घरच्या विजेला महाराष्ट्रात धोका नाही.

साठच्या आसपास शब्द आहेत, मी मोजले. एवढी जागा पंचांगाखाली निघते.

आपल्या संपादकीय विभागात हे करायला माणूस नसेल तर मी रोज संध्याकाळी सातपर्यंत असा मजकूर मराठीत तयार करून पाठवायला तयार आहे, पैसे नकोत, नाव पण नको. रात्री उशिरा इशारा बदलला तर फोन करून कळवीन, माझा रेडिओ तसाही अकरापर्यंत चालूच असतो. मी बाहेरगावी असले तर कोल्हापूरचे काका करतील, त्यांच्याशी परवाच बोलून ठेवलंय.

आपली,
एक हॅम रेडिओ चालवणारी वाचक,
ता. अलिबाग, जि. रायगड